आजोबांचं खलाशी-पुस्तक आणि माझं उशिरा कळलेलं एडीएचडी

जयगडच्या आमच्या जुन्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. माझे आजोबा खलाशी होते आणि त्या पेटीत त्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे जहाजावरच्या नोकरीचं पुस्तक, अजून जपून ठेवलेलं आहे. सफर संपली की त्यात एक ओळ भरली जायची. जहाजाचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा आणि शेवटी दोन शिक्के. एक कामातल्या कौशल्याचा, दुसरा वर्तणुकीचा. आजोबांच्या पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोन्ही रकान्यांत एकच शिक्का आहे: ‘व्हेरी गुड’.

घरात मात्र त्यांची ख्याती अगदी वेगळी होती. दादी सांगायची, मीठ आणायला पाठवलेला हा माणूस संध्याकाळी कुणाच्या तरी होडीचं काम करून हात काळे करून यायचा आणि मीठ दुकानातच राहायचं. शाळेत ते दोन वर्षंसुद्धा टिकले नव्हते. समुद्रावरून कायमचे परतल्यावर त्यांनी दुकान काढलं, मग सुक्या मासळीचा व्यवहार केला, मग आंब्याची कलमं कराराने घेतली. काहीच तडीस गेलं नाही. उधारीची वही हरवली, करार विसरला गेला. गावात म्हणायचे, डोकं समुद्रात टाकून आला.

जयगडचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण किल्ल्यापासून सुरुवात करतो. शास्त्री नदीच्या मुखावरचा विजापूरकरांच्या काळातला किल्ला, मग आंग्रे, मग १८१८ साली आलेले इंग्रज. पण एकाच माणसाबद्दल जहाज एक सांगतं आणि घर दुसरंच सांगतं, हासुद्धा इतिहासाचाच प्रश्न आहे. मला तो फार उशिरा, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पडला. कारण त्या वर्षी माझं स्वतःचं निदान झालं.

फॉर्म मुलाचा, उत्तरं बापाची

माझा मुलगा पाचवीत होता. ‘हुशार आहे, पण लक्ष नाही’ हे वाक्य त्याच्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी यायचं. शेवटी आम्ही त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पालकांसाठी एक प्रश्नावली दिली. वस्तू वारंवार हरवतो का? समोर बोललेलं ऐकलंच नाही असं वाटतं का? सुरू केलेलं काम अर्धवट सोडतो का? मी एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होतो. चौथ्या-पाचव्या प्रश्नावर बायको म्हणाली, “अहो, हे त्याचं विचारतायत की तुमचं?”

मी हसलो, पण रात्री झोप आली नाही. बँकेत पैसे असूनही लाइट-बिल थकून दोनदा तोडलेली वीज. तीन बदललेल्या नोकऱ्या. शेवटच्या रात्री जागून पूर्ण केलेलं प्रत्येक काम. आणि या सगळ्यांच्या वर, धाकट्या बहिणीचा डी.एड.च्या प्रवेशाचा अर्ज.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. रत्नागिरीला जाऊन अर्ज द्यायचं काम अब्बांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी अर्ज घेऊन एसटीत बसलो, रत्नागिरीत उतरलो, एक मित्र भेटला, त्याच्याबरोबर दुसऱ्याच कामाला गेलो. अर्ज बॅगेत राहिला. आठवण झाली तेव्हा मुदत संपून तीन दिवस झाले होते. बहिणीचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं आणि शिक्षिका व्हायचं राहूनच गेलं. तिने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. अब्बांनी लावला. त्यांच्या मते मी बेजबाबदार होतो. माझ्याही मते होतो.

मुलाच्या पाठोपाठ माझीही तपासणी झाली. दोन बैठका, लहानपणाची चौकशी, आईशी फोनवर बोलणं, थायरॉइडची रक्ततपासणी, झोपेबद्दलचे प्रश्न. मग डॉक्टरांनी सांगितलं, तुम्हाला लहानपणापासून एडीएचडी आहे. मराठीत त्याला अवधान-न्यूनता आणि अतिचंचलतेचा विकार म्हणतात.

नातेवाइकांत दोन प्रतिक्रिया आल्या. एक, “हे मोबाइलमुळे झालंय.” दुसरी, “पूर्वी असलं काही नव्हतं, ही सगळी नवीन फॅडं.” मला इतिहास वाचायची आवड आहे, म्हणून मी शोधायला बसलो.

सव्वादोनशे वर्षांचा रस्ता

अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ साली मनाच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात लक्ष आणि लक्षाचे विकार यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. काही माणसं जन्मतःच कुठल्याही एका गोष्टीवर चित्त ठरवू शकत नाहीत, अशी नोंद त्याने केली. तेव्हा जयगडवर अजून इंग्रजांचा झेंडा लागायचा होता. मोबाइलचा मुद्दा इथेच निकालात निघतो.

क्रायटनने आणखी एक गोष्ट लिहिली. वय वाढलं की हा त्रास सहसा कमी होतो. हे अर्धं खरं निरीक्षण पुढे पावणेदोनशे वर्षं मोठ्या माणसांच्या आड आलं.

१८४५च्या सुमारास फ्रँकफर्टचा डॉक्टर हाइनरिश होफमान याने आपल्या मुलासाठी सचित्र गोष्टींचं पुस्तक केलं. त्यात जेवणाच्या टेबलावर चुळबुळ करता करता सगळी ताटं अंगावर ओढून घेणारा एक पोरगा आहे. त्याची गोष्ट जर्मनीत आजही घरोघरी ठाऊक आहे. १९०२ साली लंडनमध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवर घालता येत नाही, हे त्यांनी बारकाईने मांडलं. पण नाव दिलं ते नैतिक नियंत्रणाचा अभाव. ‘नैतिक’ शब्दाची त्या काळातली छटा आजच्यापेक्षा थोडी वेगळी होती, तरी या मुलांवरचा चारित्र्यदोषाचा डाग काही पुसला गेला नाही. माझ्या अब्बांचा ‘बेजबाबदार’ हा शब्द त्याच कुळातला आहे.

औषध सापडलं ते अपघाताने. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मुलांच्या एका रुग्णालयात काम करत होते. मुलांना एका तपासणीनंतर डोकेदुखी व्हायची, म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिलं. डोकेदुखी फारशी थांबली नाही, पण बरीच मुलं अभ्यासाला शांतपणे बसू लागली. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत होतं, हे कोडं तेव्हा कुणाला उलगडलं नाही. आज आपल्याला माहीत आहे, की लक्ष धरून ठेवणं आणि आवर घालणं या कामांत मेंदूतली डोपामिन आणि नॉरएड्रेनालिन ही रसायनं महत्त्वाची असतात आणि ही औषधं त्यांचीच पातळी सावरतात. १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने मेथिलफेनिडेट तयार केलं. बायकोच्या रीटा या नावावरून त्याचं नाव रिटालिन पडलं. आजही जगभर सर्वाधिक वापरलं जाणारं औषध तेच आहे.

मोठी माणसं कुठे गेली?

१९६८ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत हा विकार आला तो ‘बालपणातली अतिचंचल प्रतिक्रिया’ म्हणून. पौगंडावस्थेत तो ओसरतो, असंही तिथे नोंदवलं होतं. म्हणजे शाळा सुटली की आजार सुटला. पंचवीस वर्षांच्या माणसाने हीच तक्रार सांगितली, तर डॉक्टरांच्या पुस्तकात त्याच्यासाठी पानच नव्हतं.

हे पान उघडायला तीन ठिकाणची कामं उपयोगी पडली. कॅनडात मॉन्ट्रियलच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ साली दाखवलं, की या मुलांची मूळ अडचण धावपळ ही नसून लक्ष टिकवणं आणि आवेग रोखणं ही आहे. धावपळ वयाने कमी होते, आतली अडचण होत नाही. मॉन्ट्रियलमध्येच गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन यांनी अतिचंचल मुलांचा ती मोठी होईपर्यंत वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांतल्या बऱ्याच जणांचा त्रास मोठेपणीही चालू होता. आणि अमेरिकेत यूटा विद्यापीठात पॉल वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रौढ रुग्णांवर औषधाची चाचणी प्रसिद्ध केली. मोठ्यांचं निदान कसं करावं याचे निकष पुढे त्यांनीच बांधले.

१९८०च्या पुस्तिकेत लक्ष या शब्दाला मथळ्यात जागा मिळाली आणि मोठ्यांसाठी ‘अवशिष्ट प्रकार’ असं एक दार किलकिलं झालं. १९८७ साली एडीएचडी हे नाव आलं. २००२ साली अमेरिकेत अ‍ॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेलं औषध मोठ्यांसाठीही मंजूर झालं. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने प्रौढांसाठी १८ प्रश्नांची चाचणी आली. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत निकष बदलले. १७ वर्षांवरच्या व्यक्तीत सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी धरली गेली आणि त्यांतली काही सातऐवजी बारा वर्षांच्या आत दिसलेली असावीत असं ठरलं.

म्हणजे माझं बालपण संपलं तेव्हा जगातही मोठ्यांचं निदान नुकतंच रांगत होतं. रत्नागिरीतल्या कुणी ते का ओळखलं नाही, हा राग तिथे विरघळला. जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज पाहिली तर मुलांमध्ये सुमारे ६ टक्के आणि मोठ्यांमध्ये सुमारे अडीच टक्के असं प्रमाण निघतं. यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात मानला जातो. बाप, मुलगा आणि कदाचित आजा, एका घरात तिघं निघणं यात नवल नाही.

जहाजावर घंटा होती

इथे मी पुन्हा त्या पत्र्याच्या पेटीकडे वळलो. मेलेल्या माणसाचं निदान करू नये, हे मला मान्य आहे. आजोबांना एडीएचडी होतं असं मी म्हणणार नाही. पण एकच माणूस जहाजावर ‘व्हेरी गुड’ आणि गावात वाया गेलेला कसा, हे विचारायला हरकत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश जहाजांवर ५० हजारांच्या आसपास हिंदी खलाशी होते. कोकण किनाऱ्यावरच्या, त्यातही रत्नागिरीकडच्या माणसांना पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या डेकवर मोठी मागणी असे. आजोबा त्याच परंपरेतले, पुढच्या पिढीतले. वर सारंग, त्याखाली टंडेल, त्याखाली खलाशी. गोऱ्या खलाशांच्या मानाने पगार फारच कमी आणि झोपायची जागाही अपुरी, तेव्हा त्या आयुष्याचे गोडवे गायचं कारण नाही. पण त्या आयुष्याची बांधणी बघा. दिवसाचे चार-चार तासांचे पहारे. दर अर्ध्या तासाला घंटा, एक टोल ते आठ टोल. काम हाताचं, समोरचं, आत्ताचं. दोर ढिला राहिला तर परिणाम लगेच दिसणार. काय करायचं ते सारंग त्याच क्षणी ओरडून सांगणार. पुढच्या महिन्यात काय द्यायचंय, कुणाकडून किती येणं आहे, हे काहीच डोक्यात धरायचं नाही.

एडीएचडी असलेल्या माणसाची अडचण नेमकी इथे असते. त्याला काम येत नाही असं नसतं. काय करायचं हे तो जाणतो. त्या वेळी ते आठवणं, सुरू करणं आणि संपेपर्यंत धरून ठेवणं अवघड जातं. वेळेचा अंदाज आतून येत नाही. बाहेर घंटा असेल तर तो चांगला चालतो आणि आवडीच्या कामात तहानभूक विसरतो. दुकानाच्या गल्ल्यावर घंटा नसते. आजोबा परत आले, घंटा बंद झाली आणि गावाने म्हटलं, माणूस बिघडला.

यावर कुणी म्हणेल, मग हा आजार नाहीच, फक्त जागा चुकली. मला तसं वाटत नाही. बहिणीचा अर्ज हा काही माझ्या स्वभावाचा गमतीदार पैलू नव्हता. नुकसान खरं होतं आणि ते दुसऱ्या कुणीतरी भोगलं. बांधणी बदलली की त्रास कमी होतो, नाहीसा होत नाही. चष्मा लावला म्हणून डोळ्यांचा नंबर खोटा ठरत नाही.

आपली परंपरा आणि विसर

आपल्या समाजात मनाच्या आजाराबद्दल बोललं की पहिली वाट तावीज-धाग्याची, दुसरी बोलणी खाण्याची. पण हजार वर्षांपूर्वी, दहाव्या शतकाच्या आधीच्या पिढीत वाढलेला अबू झैद अल-बल्खी (निधन ९३४) याने शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. जसं शरीर आजारी पडतं तसं मनही पडतं आणि दोन्हींची काळजी घ्यावी लागते, हा त्याचा आग्रह होता. त्याने एडीएचडीचं वर्णन केलं असं नाही. पण मनाचा आजार म्हणजे ईमानाची कमतरता, ही समजूत आपल्या विद्वानांची नव्हती, एवढं यातून कळतं.

माझ्यासाठी सगळ्यांत जवळचा दाखला नमाजमधला आहे. किती रकात झाल्या हे मी लहानपणापासून विसरतो. याची मला फार लाज वाटायची. पण विसरणाऱ्यासाठी सजदा-ए-सहव आहेच. आपण कोकणी मुसलमान शाफई. शंका आली तर कमी आकडा धरायचा, राहिलेली रकात पूर्ण करायची आणि सलाम फिरवण्याआधी दोन सजदे करायचे. खुद्द पैगंबर (स.) एकदा दोन रकातींवर थांबले आणि झुल-यदैन या सहाबींनी अदबीने विचारलं तेव्हा त्यांनी उरलेली नमाज पूर्ण केली, ही हदीस आपण मदरशात ऐकलेली असते. तिथे कुणी कुणाला बेजबाबदार ठरवलं नाही. चूक कशी भरून काढायची याची रीत घालून दिली. एडीएचडीबरोबर जगताना मला हीच रीत उपयोगी पडली. विसर पडणार, हे आधी धरून चालायचं आणि तो भरून काढायची सोय करून ठेवायची.

आता जगायचं कसं

वाचकांपैकी कुणाला यात स्वतःची ओळख पटत असेल, तर चार गोष्टी सांगतो.

पहिली, इंटरनेटवरची चाचणी म्हणजे निदान नव्हे. चिंता, नैराश्य, अपुरी झोप, थायरॉइड यांमुळेही लक्ष उडतं. लहानपणापासून, घर आणि काम अशा एकाहून अधिक ठिकाणी, नुकसान होण्याइतका त्रास असेल तरच एडीएचडीचा विचार होतो. तपासणी मानसोपचारतज्ज्ञांकडूनच करून घ्यावी. जयगडहून रत्नागिरी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. महाराष्ट्रातल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक तिथे आहे. त्याच्या नावाची गावात चेष्टा होते, पण बाह्यरुग्ण विभागात जाणारा प्रत्येक जण वेडा नसतो. २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत चालू आहे, तिथून सुरुवात करता येते.

दुसरी, औषध. मला उपयोग झाला. ते इलाज आहे, जादू नाही, आणि सगळ्यांना लागतंच असं नाही. मेथिलफेनिडेट आपल्याकडे अमली पदार्थविषयक कायद्याखाली नियंत्रित आहे, म्हणून चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात नसतं. आपली अर्धी तरुण पोरं आखातात जातात, त्यांनी हे नीट ऐकावं. तिथल्या अनेक देशांत ही औषधं नियंत्रित यादीत आहेत. चिठ्ठी, प्रमाणपत्र आणि आवश्यक ती आगाऊ परवानगी यांशिवाय एक गोळीही सामानात नेऊ नये. रमजानमध्ये गोळीची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

तिसरी, घंटा. मी माझ्या आयुष्यात पुन्हा घंटा बसवली. बिलं बँकेतून आपोआप जातात. किल्ली, पाकीट, चष्मा यांना दाराजवळ एकच खिळा आणि एकच डबा. मोठं काम अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत. अजान माझ्यासाठी वेळेची खूण आहे: जोहरच्या आधी कागदपत्रं, असरनंतर फोन. आणि कुणी काम सांगितलं की मी तोंडी ‘हो’ म्हणत नाही, आधी लिहून घेतो. बायकोला माझी सारंग व्हायचं नव्हतं. इतकी वर्षं तिला ते व्हावं लागलं होतं. ते ओझं तिच्या डोक्यावरून काढणं हाही उपचाराचाच भाग आहे.

चौथी, मुली. अतिचंचल पोरगा वर्गात उठून दिसतो, खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली पोरगी दिसत नाही. लहान वयात मुलग्यांचं निदान मुलींच्या दुप्पट-तिप्पट होतं, मोठेपणी हा फरक बराच कमी होतो. म्हणजे मधल्या काळात मुली निसटून जातात. नवरा जहाजावर किंवा आखातात, घराचा, मुलांचा, सासू-सासऱ्यांचा सगळा हिशेब एकटीच्या डोक्यात, अशा आपल्याकडच्या किती बायका ‘वेंधळी’ हा शिक्का घेऊन जगतात, याचा विचार करा.

कायद्याची बाजू अजून अपुरी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहे, एडीएचडीचं नाव नाही. परीक्षेत वेळ वाढवून हवा असेल तर पालकांना आजही खूप धावाधाव करावी लागते.

बहिणीकडे

निदानानंतर सहा महिन्यांनी मी बहिणीकडे गेलो. वीस वर्षांत त्या अर्जाचा विषय आमच्यात निघाला नव्हता. मी सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की आजाराचं नाव कळलं म्हणून तुझं वर्ष परत येत नाही आणि मी हे माफीसाठीचं कारण म्हणून सांगत नाही. ती चहा गाळत होती. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, “भाई, माझ्या धाकटीला पण एकदा दाखवू का? तिचे मॅडम म्हणतात, हुशार आहे पण लक्ष नाही.”

मी म्हटलं, मी वेळ घेतो, डॉक्टरांना फोन करतो. ती हसली. “नको, नंबर दे. फोन मी करते.”

तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. ती तिने तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिली आहे. मीही माझ्या फोनमध्ये लिहून ठेवली आहे, तीन वेळा वाजेल अशी.